सायकल स्टँडवरची हवा

टॉकीजच्या सायकल स्टँडवर जागेश्वर उभा होता, म्हणजे पडायचा राहिला होता. मे महिन्यात नागपुरात याहून जास्त उभं राहणं कुणाला जमत नाही.

साल त्र्याहत्तर. स्टँडला छप्पर नव्हतं. ठेकेदार बाबनराव म्हणायचे, "यंदा टाकू." दरवर्षी म्हणायचे, त्यामुळे निदान बोलणं तरी टिकाऊ होतं. लोक सकाळच्या गारव्यात चाकांत दगडासारखी हवा भरायचे आणि दुपारी तीनच्या खेळाला सायकल उन्हात ठेवून आत पंख्याखाली जाऊन बसायचे. इकडे चाकातली हवा तापायची, तिला पसरायला जागा हवी असायची, टायर जागा द्यायचं नाही, आणि इंटर्व्हलच्या आसपास एखादी जुनी ट्यूब फटाक्कन जायची. पडद्यावर मारामारी चालू असली तर कुणाच्या लक्षात येत नसे. पण परवा नायिका रडत असताना फुटली, आणि निम्म्या प्रेक्षकांना वाटलं, नायकाला गोळी लागली. पुढच्या प्रसंगात तो जिवंत दिसल्यावर त्यांनी बाल्कनीतून शिट्ट्या मारून पैसे परत मागितले.

बाबनराव म्हणाले, "जागेश्वर, आता एक जरी टायर फुटलं ना बे, तर तू घरी."

घरी म्हणजे गोळीबार चौकातल्या खोलीत. तिथे आई तुळजाबाई, बायको पंचफुला, पोरं, धाकटा भाऊ बळीराम आणि त्याचं बिऱ्हाड. हिवाळ्यात हीच माणसं, याच भिंतींत, एकमेकांच्या अंगावर पाय टाकून सुखानं झोपायची. मेमध्ये माणूस एक वाढत नसे, भिंत एक सरकत नसे, तरी भर दुपारी पाण्याच्या गिलासावरून युद्ध व्हायचं. त्यामुळे टायर का फुटतं, हे जागेश्वरला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. फक्त नोकरी जाऊन दिवसभर त्या खोलीत बसायची त्याची तयारी नव्हती. घरचा विणायचा माग तर कधीच मोडून विकला होता.

पण हात विणकराचाच राहिला होता. कोरड्या दुपारी सूत कडक होतं, तटातट तुटतं. म्हणून त्याचा बाप मागावरच्या ताण्याला, म्हणजे उभ्या सुताला, अंगठा लावून बघायचा आणि ते गुंडाळलेला रूळ जरासा ढिला सोडायचा. संध्याकाळी परत आवळायचा. त्या दिवशी जागेश्वरनं पहिल्या सायकलीच्या टायरला तसाच अंगठा लावला. फार ताण. व्हॉल्व्हची चकती सैल केली. फुस्स. पुन्हा अंगठा. झकास. मग दुसरी सायकल.

उशिरा आलेले ईश्वरदास बघत उभे राहिले. ते कॉलेजच्या प्रयोगशाळेत होते, आणि दर आठवड्याला सायन्स सोडून इथे यायचे.

"का करून राहिला गा माह्या सायकलीले?"

"ढिली करून राहिलो जी."

"काहून?"

"तापून फुटन म्हणून."

ईश्वरदासांनी मान डोलावली. "बराबर आहे. तापली का दाब वाढते. पण थंड झाल्यावर?"

"थंड? इथं?"

दोघेही हसले. मग हसण्यानं दमले आणि ईश्वरदास आत गेले.

पाचच्या सुमारास कामठीकडून धुळीचं वावधन उठलं. टॉकीजवरच्या पोस्टरातली नायिका फ्रेमसकट सुटून समोरच्या पानठेल्याला मिठी मारून बसली. पाठोपाठ बोराएवढ्या गारा. जागेश्वर तिकीट खिडकीखाली अंग चोरून बसला. गारा थांबल्या तेव्हा नागपुरात चक्क गार वाटत होतं, आणि त्याला उगाच भीती वाटली.

त्यानं पहिल्या टायरला अंगठा लावला. अंगठा थेट रिमला टेकला. दुसऱ्यालाही. ओळच्या ओळ बसलेली. त्याचा हात सवयीनं रूळ शोधायला गेला. पण ताणा सोडला तरी सूत मागावरच राहतं. दुपारी सोडलेली हवा वावधनाबरोबर कुठल्या कुठे निघून गेली होती.

खेळ सुटला.

"अबे, माही सायकल बसली!"

"माहीबी!"

"सगळ्याइच्या एकाच वेळी पंक्चर? पिच्चरचा असर आहे का?"

ईश्वरदास रांगेत पहिले येऊन उभे राहिले.

जागेश्वरनं पंप काढला. पंप एकच होता. दांडा वर, दांडा खाली. दाबलेल्या हवेनं पंपाची नळी इतकी तापली, की त्याला गमछा गुंडाळून धरावी लागली. सगळं शहर गार झालं होतं आणि एकटा जागेश्वर भाजत होता. रांग मात्र वाढतच होती. मध्येच एक बाई रबराची चकली घेऊन उभी राहिली.

"मावशे, सायकल कुठं आहे?"

"सायकल नाही बापा. मामंजीले मूळव्याध आहे, त्याइची गादी आहे. जास्त टणक नोको करू."

त्यानं भरली. अंगठा लावून दिली.

तेवढ्यात बाबनराव आले. जागेश्वरचा दांडा अर्ध्यावर थांबला.

"फुटलं का एखादं?"

"नाही जी."

"एकबी नाही?"

"एकबी नाही."

बाबनराव रांगेच्या टोकापर्यंत जाऊन आले. तिकडच्या लोकांना वाटत होतं, स्टँडवाल्यानं हवा फुकट ठेवली आहे. ते बाबनरावांना दुवा देत होते. बाबनरावांना दुव्याची सवय नव्हती. ते जरा हलले.

"जागेश्वर, तू राहशीन," ते म्हणाले. "उद्यापासून रोज असंच. दुपारी काढाची, संध्याकाळी भराची. बोर्ड लावतो, हवा फुकट."

"पण मी एकटाच आहो जी."

"पंपबी एकच आहे. जोडी बराबर आहे."

घरी पोचला तेव्हा दिवेलागण झाली होती. खोलीत गारवा होता. तुळजाबाई चक्क सुनेशी हसून बोलत होती. पंचफुलानं नवऱ्याचं तोंड बघितलं आणि हातातलं टोपलं खाली ठेवलं.

"काढलं का कामावरून?"

"नाही. ठेवलं."

"मंग तोंड असं काहून?"

तो भिंतीला टेकून बसला. पंचफुलाही विणकराचीच लेक. तिनं त्याच्या दंडावर अंगठा दाबून बघितला.

"पार ढिले झाले तुमी तं."

"राहू दे," जागेश्वर डोळे मिटून म्हणाला. "उद्या दुपारी तापलो का होतो बराबर."