खालचा थर

यमुनेने पेटीच्या तळाशी तणीस अंथरून पहिलं टपोरं संत्रं उचललं, तेवढ्यात मालक दत्तात्रयशेठ तिच्यासमोर येऊन उभे राहिले. हातात दिल्लीच्या व्यापाऱ्याचं पत्र होतं, इंग्रजीत टाइप केलेलं.

त्र्याऐंशी साली पांढुर्ण्याच्या मंडीत इंग्रजी पत्र म्हणजे तक्रार, हे शेंबडं पोरही सांगत असे. माल चांगला पोचला की दिल्लीवाले हिंदीत दोन ओळींचं कार्ड टाकत. सडला की टाइपरायटर काढत. शेठना इंग्रजी येत नव्हतं, पण पत्राच्या मधोमध शाईने काढलेलं पिंपळपान त्यांनी ओळखलं. पेटी भरणाऱ्या प्रत्येक बाईची पेटीवर रंगाने काढलेली आपली खूण असे. पिंपळपान यमुनेचं.

राग तसा जुनाच होता. मोठी फळं वर, बारकी खाली, ही मंडीची रीत. यमुना मात्र सगळे थर सारखे लावायची. शेठनी दहादा सांगितलं, पण पालथ्या घड्यावर पाणी.

"उद्यापासून येऊ नको," शेठ म्हणाले.

सावरगावला यमुनेच्या घरात दुसरं कमावणारं कोणी नव्हतं. तरी तिने हातातलं संत्रं नीट तळाशीच ठेवलं.

"पत्र वाचून तर घ्या, शेठजी. कोन्त्या थराचं फळ खराब निघालं, ते मले समजलं पायजे."

शेठची सून प्रतिभा शाळेत इंग्रजी शिकवायची. दुपारी ती सासऱ्यांचा डबा घेऊन आली, तेव्हा शेठनी पत्र तिच्यापुढे धरलं. तिने ते दोनदा वाचलं.

"मामाजी, ही तक्रार नाही. यमुनाबाईंना त्यांनी स्क्रुप्युलस म्हटलंय."

म्हणजे काय, शेठनी विचारलं. प्रामाणिक, ती म्हणाली, पण तेवढ्याने तिचं समाधान होईना. वर्गात या शब्दाला तिच्याकडे कधी चांगलं उदाहरण नसायचं. आज ते समोर बसलं होतं.

"कोणी पाहत नसलं तरी ज्याला लबाडी जमत नाही, त्याच्यासाठी वापरतात हा शब्द. ते लिहितात, पिंपळपानाची पेटी आम्ही तपासतसुद्धा नाही. यापुढे याच खुणेचा माल पाठवा."

आजूबाजूच्या बायकांचे हात थांबले. अकरा वर्षं टोमणे खाल्लेल्या यमुनेची छाती आनंदाने भरून आली. तो तिने लपवलाही नाही.

शेठ खाकरले. त्यांनी रंगाचा डबा मागवला, भरून बांधलेल्या साठ पेट्यांकडे बोट केलं आणि सगळ्यांवर पान काढायला सांगितलं. मालगाडी चारला होती.

यमुनेने ब्रश घेतला आणि डब्यावर आडवा ठेवून दिला.

"दुसरीनं भरलेल्या पेटीवर माह्यं पान असं नाही लागत, शेठजी. पैले खालचा थर दाखवा."

शेठनी घड्याळाकडे पाहिलं, पत्राकडे पाहिलं. मग धोतराचा सोगा कमरेला खोचून ते स्वतःच पहिली पेटी उलटी करायला वाकले.