मोटर मैयाची वीस मिनिटं

बसा, आधी पाणी प्या. पाण्याचीच गोष्ट सांगतो, दिल्लीत द्वारकेतल्या एका सोसायटीची.

तिथं पंपापाशी रोज जत्रा. मोटर बंद पडली की बाल्टीवाले बाबा यायचे, बादली उलटी करून तिच्यावर बसायचे. "मोटर मैया रूठी है, बच्चों." मग पुटपुटणं. थोड्या वेळानं मोटर घुर्र करून चालू. लोक हात जोडून नळाकडे पळायचे.

गुलाबराव अकरा वर्षं पंप सांभाळत होते, पंपामागच्या सोसायटीच्या खोलीत राहत होते. बाबांनी मोटरला लाल चुनरी गुंडाळली आणि तेव्हापासूनच हा रुसवा सुरू झाला, हे त्यांना खटकायचं. पण बाबांनी बोट त्यांच्याकडेच दाखवलं, "इसका साया भारी है." म्हणजे याची सावलीच अपशकुनी.

सेक्रेटरी अविनाश म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका यार. रविवारी खोली रिकामी करा."

गुलाबराव तिसऱ्या मजल्यावरच्या मृणालकडे गेले. ती कॉम्प्युटरवाली. "काका, पंपाची पेटी सगळं लिहून ठेवते की. त्याला लॉग म्हणतात." तिनं दाखवलं: तापली, बंद. चालू. तापली, बंद. चालू.

"हे मलाही ठाऊक आहे. पण कधी, ते कुठाय?"

 मग मृणालनं पेटीला प्रत्येक ओळीमागं वेळही लिहायला लावली, अगदी सेकंदापर्यंत. तीन दिवसांत दिसलं: बाबा लवकर येवोत की उशिरा, बंद ते चालू वीस मिनिटं. एका सेकंदाचा फरक नाही.

"मैया घड्याळ लावून रुसते का हो काका?"

शनिवारी मोटर थांबली दहा वाजून दोन मिनिटं चौदा सेकंदांनी. मृणाल म्हणाली, "बाबाजी, आज पाँच मिनट में मना लीजिए."

पाच झाली, दहा झाली. "इसका साया हटाओ," बाबा म्हणाले. गुलाबराव निमूट गेटबाहेर उभे राहिले. मोटर गप्पच. बाबांचा डोळा सारखा मनगटावरच्या रुद्राक्षाखाली लपवलेल्या घड्याळावर.

"दहा बावीस चौदाला चालू होईल," मृणालनं सगळ्यांना सांगितलं. लोकांनी मोबाईल काढले. बावीस चौदाला मोटर घुरघुरली.

"मोटर तापली की पेटी तिला वीस मिनिटं बंद ठेवून गार होऊ देते, मग आपोआप सुरू करते," मृणाल म्हणाली. " आणि तापते या चुनरीनं. हवाच लागत नाही तिला."

गुलाबरावांनी आत येऊन चुनरी सोडली. त्यानंतर लॉगमध्ये 'तापली' आलं नाही, आणि बाबाही आले नाहीत.

अविनाश खाली मान घालून म्हणाले, "खोलीचं ते... राहू द्या."

"रविवार म्हणालात साहेब. कुठला रविवार, ते लिहिलंच नव्हतं."

तुमच्याकडं एकच मागणं आहे. कुणी चमत्कार दाखवला तर हात जोडायच्या आधी घड्याळ बघा, आणि वेळ लिहून ठेवा.