न विचारता खणलेला खड्डा

इबेकवेने न विचारता खड्डा खणायला घेतला, हीच पहिली आगळीक. कुळातली लेक सासरी मेली, की माहेरच्या लेकी येऊन तिचं अंग बघतात, विचारायचं ते विचारतात, मग मातीला होकार देतात. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि हा गडी घरामागे माणसं लावून मोकळा.

"जावयाला फार घाई," माहेरच्या बायकांना घेऊन अंगणात शिरताशिरताच म्बोरी म्हणाली. "जणू कोनफळ लावायचं राहून गेलंय."

म्बोरी ही कुळातली थोरली लेक, मेलेल्या उरेडियाची आत्या. आसपासच्या गावांतले पुरुष तिच्या जिभेला वचकून असत, आणि तिला ते आवडे.

उरेडिया चटईवर होती. पोट अजून तसंच वर आलेलं. म्बोरीने तिच्या कपाळावर हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही. ही पोर तिच्याच पाठुंगळी बसून बाजाराला यायची, सगळी वाट बडबडत.

"कसं झालं?" तिने उरेडियाच्या सवतीला विचारलं.

ओबिडिया खाली मान घालून म्हणाली, "पोर आडवं आलं, आत्या. सुईण म्हणाली, मला नाही जमायचं, हिच्या आत्याने असली बाळंतपणं सोडवलीत, तिला आणा. हीसुद्धा तेच म्हणत होती. आत्याला बोलवा, आत्याला बोलवा."

"मग?"

"हे दोनदा काठी घेऊन निघाले. ताडीच्या मांडवापर्यंत गेले आणि परत आले."

म्बोरी बाहेर आली. इबेकवे खड्ड्याच्या कडेला उभा होता. डोळे कोरडे, खांदे ताठ.

"मांडवात कुणी अडवलं का रे तुला?"

"नाही, आत्या."

"मग पाय का वळले?"

खणणारे हातातली कुदळ टाकून बाजूला सरले. इबेकवे मातीकडे बघत बोलला.

"मागल्या खेपेला तुम्ही चारचौघांत म्हणालात, हा बायकोला विचारून पाणी पितो. गाव वर्षभर हसलं. मांडवात तीच माणसं बसली होती. वाटलं, पुन्हा तुम्ही याल, पुन्हा काही बोलाल, ते जन्मभर चिकटेल. वाटलं, सुटेल ती आपली आपण." त्याने खड्ड्याकडे हात केला. "तिला इथंच राहू द्या. आमची पहिली पोरगी अजून लहान आहे. आई कुठंय म्हणून विचारील, तेव्हा दाखवायला जागा तरी असू दे."

बायका म्बोरीच्या तोंडाकडे बघत राहिल्या. तिला ते बोलणं आठवत होतं. सगळे हसले होते. उरेडिया तेवढी उठून आत गेली होती.

कुणीतरी बसायला चौरंग पुढे केला. म्बोरी बसली नाही. बसली असती तर तिच्याने पुन्हा उठवलं नसतं.

"खड्डा बुजवा," ती म्हणाली. मग त्याच्याकडे वळली. "इबेकवे, माझी जीभ वाईट, हे खरं. पण त्या जिभेला भिऊन तू तिला मरू दिलंस, ते तुझ्या अंगावरून मी उतरवणार नाही. लेक आम्ही नेतो. ती बापाच्या जमिनीत जाईल. पोरीला हवं तेव्हा घेऊन ये, दार उघडं आहे. आणि उरेडियाच्या आईला आम्ही अजून काही सांगितलेलं नाही. ते तू सांगायचंस. मी तुझ्या शेजारी उभी राहीन, आणि एक शब्द बोलणार नाही."