युसूफ वडगावच्या शिवारातला बिबट्या

बिबट्या आला तो सोमवारी सकाळी, आणि आला मोबाईलमधून. उसाच्या फडातून दबकत बाहेर निघाला, बांधावर क्षणभर थांबला, मान वळवून थेट बघणाऱ्याकडे बघितलं आणि परत उसात शिरला. एकोणीस सेकंदांचा व्हिडिओ, मागे काळजाचा ठोका चुकवणारं संगीत, आणि खाली लाल पट्टी: ‘युसूफ वडगाव शिवारात बिबट्या! थरारक दृश्यं फक्त धडाका बीडवर.’

दहापर्यंत तो वस्तीवरच्या प्रत्येक ग्रुपवर पोचला. अकराला शाळा सुटली. दुपारी कुणीतरी त्याला दोन पिल्लं जोडून दिली, आणि दिवस मावळेपर्यंत त्याने एक शेळीही खाल्ली. शेळी कुणाची, ते मात्र कुणालाच सांगता येईना.

करिष्मा सकाळपासून धुमसत होती. तिचंही एक चॅनल होतं, ‘आपलं शिवार’ नावाचं. चारशे बारा सबस्क्रायबर, त्यातले निम्मे भाऊबंद. केजच्या कॉलेजातून बी.ए. झाल्यापासून ती त्यावर बाजारभाव, एसटीच्या वेळा, विजेचा डीपी जळाला तर त्याची बातमी असं काहीबाही टाकायची. पण खरा राग दारातून दिसत होता. त्यांचं दीड एकर रान कापसाने पांढरंफटक झालं होतं, आभाळ भरून येत होतं, आणि वेचायला एक बाई घराबाहेर पडत नव्हती.

तिने ‘धडाका बीड’च्या मालकाला फोन लावला. मालक म्हणजे गावचे मोठे बागायतदार विठ्ठलराव आबा यांचे चिरंजीव, अमरसिंह.

“दादा, तो व्हिडिओ कुणी काढला?”

“सूत्रांनी.”

“कुणाच्या रानात?”

“करिष्मा, सत्तर हजार लोकांनी बघितलाय. सत्तर हजार लोक काय येडे हायत?” फोन बंद.

मग तिने वनविभागाला कळवलं. वनरक्षक आले, तीन तास शिवार पालथं घालून गेले. ओल्या मातीत कुत्र्यांचे, रानडुकरांचे ठसे होते. बिबट्याचा एकही नव्हता. करिष्माने तसं चॅनलवर सांगितलं. एकशे सहा जणांनी पाहिलं. खाली एकाने लिहिलं, ‘बिबट्या चप्पल घालून हिंडत असंल बे.’

मंगळवारी दुपारी ती ओट्यावर बसून तोच व्हिडिओ पुन्हा पुन्हा लावत होती. शेजारी तिची आई रुक्मिणीबाई तूरडाळ निवडत होती. वीस हंगाम ऊस तोडलेली बाई. कोयता घेऊन सांगली, सातारा आणि पार कर्नाटकापर्यंत जाऊन आलेली.

“माय, तू तरी बघ एकदा.”

रुक्मिणीबाईने पदराला हात पुसून मोबाईल घेतला. बिबट्याकडे तिने फारसं पाहिलंच नाही. ती त्याच्या आजूबाजूलाच बघत राहिली.

“ही माती तांबडी कावून हाय गं?”

करिष्मा सरसावून बसली.

“आपली काळी. अन् ही मागची झाडं बघ, उंच, सडपातळ. ती सुपारी हाय. आपल्याकडं कुठं सुपारी? थांबव जरा... हां. ह्या ट्रॉलीवर काय लिवलंय?”

“दिसत न्हाई. लाल पट्टीखाली गेलंय.”

“वरचं वरचं दिसतंय की. गोल गोल, जिलबीवाणी. ही कानडी अक्षरं. मला वाचता येत न्हाईत, पण मराठी तरी कुठं येतंय!” रुक्मिणीबाई खुदकन हसली. “तिकडं गेलते तवा कारखान्याच्या फाटकावर असलीच व्हती. चार महिने रोज बघितलीत.”

करिष्माने ते चित्र मोठं केलं, इंटरनेटवर टाकून शोधायला लागली आणि पंधराव्या मिनिटाला ओरडलीच. तोच बिबट्या, तोच बांध. व्हिडिओ दोन वर्षांपूर्वीचा, कर्नाटकातला. संगीत नव्हतं, माणसं कानडीत एकमेकांना हाका मारत होती.

“माय, हे तूच सांगायचं. कापसात उभं राहून.”

“माझं तोंड हाय का व्हिडिओत यायचं?”

“माझं एकशे सहा जणांनी ऐकलं. तुझं ऐकतील.”

रुक्मिणीबाईने तोंडावर पाणी मारलं, कुंकू नीट केलं आणि रानात जाऊन उभी राहिली. पहिलं वाक्य अडखळलं. मग ती वाकली, मूठभर माती उचलून कॅमेऱ्यासमोर धरली आणि तिची भीड चेपली.

“ही बघा आपली माती. आता त्या बिबट्याच्या पायाखालची बघा. त्याला हितं यायचं तर सुपारीची झाडं संगं आणावी लागतील, तांबडी मातीबी, कानडी ट्रॉलीबी. एवढं बिऱ्हाड तर आमी ऊसतोडीचे टोळीवालेबी नेत न्हाई!”

ग्रुपाग्रुपांवरून फिरत सांजेपर्यंत एक लाख लोकांनी ते पाहिलं. बुधवारी सकाळी बावीस बाया कापूस वेचायला कमरेला ओटी बांधून रानात उतरल्या, आणि दर दोन सऱ्यांनी कुणीतरी ओरडायचं, “बाई गं, सुपारी!” की सगळ्या हसून लोटपोट.

नऊच्या सुमारास अमरसिंहाची मोटारसायकल बांधावर थांबली. करिष्मा भांडायच्या तयारीनेच पुढे गेली. त्याने गॉगल काढला.

“आबांनी सकाळी पारावर सगळ्यांसमोर तुमचा व्हिडिओ लावला. म्हणले, ह्या बाईला दिसलं ते तुला कावून न्हाई दिसलं?” तो रुक्मिणीबाईकडे वळला. “मावशी, चुकलं माझं. माझा व्हिडिओ काढून टाकला. तसं जाहीरबी करतो.”

“करा की दादा. अन् आलाच हाव तर ती गोणी धरा जरा.”

पांढऱ्याशुभ्र शर्टातल्या अमरसिंहाने गोणी धरली. करिष्माने फोटो काढला आणि त्याला विचारूनच चॅनलवर टाकला. त्या दिवशी ‘आपलं शिवार’ने नऊ हजार सबस्क्रायबरचा आकडा ओलांडला.

कापूस घरात आल्यावर तिसऱ्या दिवशी गेवराईहून एका अनोळखी बाईचा फोन आला. गोदावरीत भलीमोठी मगर आल्याचा व्हिडिओ तिकडे फिरत होता. “तुमच्या आईला दाखवता का तेवढा?”

रुक्मिणीबाईने तो दोनदा पाहिला.

“मगर खरी का खोटी, हितं बसून कसं सांगू? गोदावरीचा काठ मी बघितलेलाच न्हाई. जावं लागंल.” मग म्हणाली, “आजवर गेले ती कामालाच गेले. नुसतं बघायला कधी गेले न्हाई.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मायलेकी निघाल्या. रुक्मिणीबाईने लग्नकार्यातलं जांभळं लुगडं नेसलं होतं. मांजरसुंब्याला गाडी बदलायची होती. चहावाल्याने कप पुढे केला आणि निरखून बघत म्हणाला, “सुपारीवाल्या मावशी ना तुमी?”

“हाव,” रुक्मिणीबाई ऐटीत म्हणाली, “आता मगरीकडं चाललेय.”