साठातला एक ठोका

घड्याळजींचं दुकान तीन महिने बंद होतं. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला आणि एका गिऱ्हाइकाच्या घड्याळातली केसाएवढी स्प्रिंग त्यांच्या चिमट्यात वाकली, तेव्हापासून. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच! मग जेवण निम्म्यावर आलं, बोलणं त्याहून कमी. डोळ्याला लावायचं भिंग बायकोच्या हातात देऊन ते म्हणाले होते, "टाकून दे."

ऑपरेशनच्या सकाळी सिस्टरने एक कागद पुढे केला. उदास वाटतं का? झोप लागते का? भीती वाटते का? घड्याळजींनी सगळीकडे झोकात 'काही त्रास नाही' लिहून टाकलं.

"जन्मभर लोकांच्या घड्याळांचा खोटेपणा पकडलात," बायको पुटपुटली. "आणि आता स्वतःच?"

खरं तर त्यांची पाचावर धारण बसली होती. माणूस जागा असताना डोळा कापणार! चुकून हललो तर? नजर गेली की हातही गेले, मग उरलं काय?

ऑपरेशनच्या टेबलावर झोपल्यावर तोंडावर कापड आलं. "काका, भीती वाटली तर माझा हात दाबा," सिस्टर म्हणाली. त्यांनी असा दाबला की ती कळवळली.

आणि तेवढ्यात त्यांचे कान टवकारले. भिंतीवरचं घड्याळ. टक, टक, टक... आणि मध्येच एक ठोका घासून आला. त्यांनी मोजायला घेतलं. बरोबर साठाव्याला पुन्हा तोच! म्हणजे सेकंदकाट्याच्या फेरीत एकदा. सेल उतरलाय? छे, मग सगळेच ठोके मलूल आले असते. काटा कशाला तरी घासतोय. काचेला, की मिनिटकाट्याला? सिस्टरचा हात कधी सुटला, त्यांना कळलंही नाही.

"झालं, काका," डॉक्टर म्हणाले.

"एवढ्यात? अजून दोन फेऱ्या ऐकायच्या होत्या!"

बाहेर डोळ्यावर पट्टी घेऊन बसल्यावर त्यांनी सिस्टरला सांगितलं, "आतल्या घड्याळाचा सेकंदकाटा वाकलाय."

"अगं बाई! आम्ही आपले सेलच बदलतोय."

घड्याळजी हसले. मग म्हणाले, "तो सकाळचा कागद आणा. मी खोटं लिहिलंय."

तिने एकेक प्रश्न वाचला. उदास वाटतं? "रोज." झोप? "नाही." भीती? "फार."

बायकोने डोळ्यांना पदर लावला. घड्याळजी तिच्याकडे वळले आणि चाचरत म्हणाले, "ते भिंग... टाकलंस का गं?"

"टाकायला वेळ कुणाला होता?" म्हणत तिने पर्स उघडली.