तिसरा दगड

कमानीच्या लाकडी साच्याखालची पहिली पाचर निघाली तेव्हा थोरल्याच्या डोक्यावर चिमूटभर चुना पडला. त्याने तो झटकला नाही. चार लोक बघत होते.

नगरसभेच्या नव्या इमारतीच्या कमानीखाली तो एकटा उभा होता. पुढे ग्रीक धाटणीचे आठ खांब, मधोमध रोमन कमान आणि माथ्यावर लॅटिन अक्षरं. त्यांचा अर्थ गावात एकालाही लागत नव्हता, म्हणून तर ती सगळ्यांना आवडली होती. अध्यक्षसाहेबांनी कुठेसं वाचलं होतं, की रोमन लोक कमानीखालचा लाकडी साचा सोडवताना बांधणाऱ्यालाच खाली उभा करत. खरंखोटं रोम जाणे. पण साहेबांना ती गोष्ट इतकी भावली की त्यांनी ती निमंत्रणपत्रिकेतच छापली. काम थोरल्याच्या नावावर होतं, तेव्हा मानही त्याचाच. साहेब स्वतः चाळीस पावलांवर खुर्चीत बसले होते.

दुसरी पाचर निघाली. वर कुठेतरी दगड कुरकुरला.

थोरल्याने डावीकडे पाहिलं. तो अर्धा भाग धाकट्या भावाचा. बाप गेला तेव्हा त्याच्या ओळंब्यावरून दोघांत जुंपली होती. लोखंडी लोळा एकाकडे गेला, दोरी दुसऱ्याकडे, आणि त्या दिवसापासून बारा वर्षं दोघांचं बोलणं बंद. ही कमानही त्यांनी दोन बाजूंनी, मुक्यानेच चढवली. माथ्याचा, कळीचा दगड बसवताना बोटाला बोट लागलं, तर दोघांनीही चटका बसल्यासारखे हात मागे घेतले. पडली तर त्याच्या बाजूनेच पडेल, असं थोरला रात्रभर स्वतःला बजावत होता. आपल्या बाजूचा विचार मनात आला की कूस बदलत होता.

तिसरी निघाली. गर्दीतून धाकटा सरळ चालत आला आणि त्याच्या शेजारी उभा राहिला. कपाळ घामाने निथळत होतं.

"तू इथं कशाला?"

"अर्धी माझी आहे."

मजूर चौथ्या, शेवटच्या पाचरीकडे वळला. एकट्याने मरायची तयारी थोरल्याने कशीबशी केली होती. भावासकट मरायची केली नव्हती.

"बाहेर हो," तो ओठ न हलवता म्हणाला. "माझा तिसरा दगड बोटभर तोकडा आहे. खाली दगडाच्या चिपा कोंबल्यात."

धाकट्याने मान वर केली, मग हळूच खाली.

"दादा, माझ्याही तिसऱ्याखाली चिपाच आहेत."

दोघांचा गुरू एकच, बाप. तिसऱ्या थराला दगड कधी बसत नाही रे, चार चिपा घाल, वरून चुना फासून टाक, सासऱ्यालाही कळणार नाही, असं म्हातारा हसत सांगायचा. म्हाताऱ्याने जन्मभर भिंती बांधल्या. भिंत चूक पोटात घालते. कमान घालत नाही.

पळावं म्हटलं तर वेळ उरला नव्हता. हातोडा पडला. साचा वीतभर खाली बसला, कमान नखभर उतरली, आणि टक्कन एक चीप थोरल्याच्या दोन पावलांमध्ये येऊन पडली.

मग काहीच झालं नाही. कमान उभी होती. टाळ्यांचा कडकडाट झाला. साहेब उठले, त्यांच्या मागे सभासद, त्यांच्या बायका, कडेवरची पोरं, सगळे खांबांमधून कमानीकडे निघाले. साहेब चालता चालताच सांगत होते, की लोकांचं राज्य ज्यांनी जगाला शिकवलं त्यांच्याच दारातून आता आपण आत जाणार.

"उभी आहे ती," धाकटा पुटपुटला. बोलताना त्याची नजर त्या चिपेवर होती.

"आज आहे."

थोरला चार पावलं पुढे गेला आणि त्यांच्या वाटेत आडवा उभा राहिला. साहेबांनी हसून विचारलं, की आता कसली भीती? त्याला उत्तर ठाऊक होतं. ते दिलं की उद्यापासून त्याला कुणी घराची पायरीसुद्धा बांधायला बोलावणार नव्हतं. त्याने दोन्ही हात पसरले.

तेवढ्यात त्याच्या पाठीमागे लाकडावर हातोडा पडला. मग पुन्हा पडला. साहेबांचं हसू विरलं. ते त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघू लागले.

थोरल्याने वळून पाहिलं नाही. धाकटा पाचरी ठोकून साचा परत वर चढवत होता.