उजवीकडची बटणं

माझा दीर चोर नव्हता. पण तीन वर्षं आमच्या घरात त्याला तेच नाव होतं, आणि तो ते मुकाट्याने सोसत होता. त्याला खरं बोलायचं असतं तर माझ्या नवऱ्याला सांगावं लागलं असतं, की दादा, तुझे कान गेलेत. त्यापेक्षा त्याने चोर होणं पत्करलं.

यांचा धंदा असा, की लग्न ठरताना माझ्या वडिलांना तो दोनदा समजावून सांगावा लागला होता. लोक भारी स्पीकर विकत घेतात, घरी आणून भिंतीला टेकवतात आणि मग कुरकुरतात, की दुकानात वाजत होतं तसं इथे वाजत नाही. कसं वाजेल? खोली मध्ये मध्ये बोलत असते. कोपऱ्यात आवाज घुमतो, काचेवर आपटून परत येतो. हे त्या खोलीत टाळ्या वाजवत फिरायचे, पडदे ओढायचे, घरमालकाच्या खुर्चीत बसायचे आणि एकच ठरलेलं गाणं लावायचे. एक बाई एकटीच गाते, सोबतीला फक्त गिटार. मग इक्वलायझरसमोर उकिडवे बसायचे. त्यावर वर-खाली सरकणाऱ्या बटणांची ओळ असते, डावीकडे जाड, घुमणाऱ्या आवाजांची आणि उजवीकडे बारीक, टोकदार आवाजांची. एक बटण केसभर वर, एक केसभर खाली, की परत खुर्चीत. लेक लहान असताना सांगायची, माझे बाबा खोल्यांना औषध देतात. गिऱ्हाइकं यांना कानसेन म्हणायची, आणि हे वरवर नको नको म्हणत आतून फुलायचे.

धाकटा भाऊ म्हणजे बारक्या. यांनीच वाढवलेला. त्याने स्पीकरचं दुकान काढलं आणि त्यात एक माइकवालं मशीन आणलं. वाटाण्याएवढा माइक खुर्चीत, माणसाचं डोकं येतं तिथे उभा करायचा. मग स्पीकरमधून एक आवाज निघतो, खाली घुमण्यापासून सुरू होऊन चढत चढत शिट्टीच्याही वर जातो. माइक तो ऐकतो, आणि खोली काय जास्त बोलते, काय गिळते, ते ओळखून मशीन आपलं आपण सगळं सारखं करतं.

"कानामागून आली आणि तिखट झाली," हे म्हणाले, पण तेव्हा हसत म्हणाले. जेवताना दोघांची यावरून जुंपायची आणि ताटं वाळायची.

"दादा, मशीन थकत नाही," बारक्या म्हणायचा.

"मशीनला गाणं आवडतही नाही रे. ज्याला आवडत नाही त्याने कशाला त्यात बोटं घालावी?"

यावर बारक्या भात मागून विषय बदलायचा.

पुढचं मला फार उशिरा कळलं. आमचं एक जुनं गिऱ्हाईक होतं, डोळ्यांचे डॉक्टर, भला माणूस. त्यांनी एक दिवस बारक्याला गुपचूप बोलावून घेतलं. "तुझ्या दादाने परवा खोली लावून दिली. बाई गायला लागली की दातांतून कळ जाते. त्यांना सांगू कसं?" बारक्याने जाऊन पाहिलं, तर उजवीकडची बटणं सगळी वर, एकापेक्षा एक चढलेली. त्याला तिथेच उमगलं. यांना बारीक आवाज येईनासे झाले होते, आणि जेवढे येईनात तेवढे हे वाढवत गेले होते. त्याने दादाच्या बटणांना हात लावला नाही. मागच्या बाजूला मशीन जोडलं आणि वर गेलेलं सगळं मशीनकडून हळूच खाली घेतलं. मग ती सवयच झाली. हे एखाद्या घरी जाऊन आले, की मागून बारक्या जायचा. या कानाचं त्या कानाला कळू द्यायचा नाही.

मला संशय आलाच नाही असं नाही. दाराची बेल वाजली तरी हे उठत नसत. माझी हाक ऐकू यायची, बेल नाही. मला वाटलं, आळस. नवऱ्याच्या बाबतीत बायकोला पहिली शंका आळसाचीच येते.

एकदा आम्ही दोघं चष्म्यासाठी त्या डॉक्टरांकडे गेलो. दवाखाना त्यांच्या घरातच, आतल्या खोलीत तेच गाणं चालू होतं. हे दारातच थांबले. "घोंगडीखालून गातेय," म्हणाले. आत जाऊन पाहिलं, तर बटणं जिथल्या तिथे, पण मागे एक नवी डबी, हिरवा दिवा लागलेली. डॉक्टर चाचरले. "तुमचे बंधू येऊन गेले होते," एवढं म्हणाले आणि पुढे त्यांनी कानांवर हात ठेवले.

चष्मा राहिला बाजूला, हे थेट दुकानात. मी मागे. दुकानात माणसं होती.

"माझ्या पाठीमागे माझीच गिऱ्हाइकं फोडतोस?"

बारक्याने आधी यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्या नजरेत काहीतरी सांगायचं होतं, हे मला आज कळतं. तेव्हा ती मला पकडलेल्या माणसाची वाटली.

"हो दादा. चुकलो."

"चोर आहेस तू."



त्यानंतर बारक्या यांच्या मागून जायचा थांबला, आणि आमची गिऱ्हाइकं खरोखरच गळायला लागली. हे म्हणायचे, "बघ, सगळी फोडली त्याने." मीही मान डोलवायचे. माझ्या ऑपरेशनच्या वेळी तो दिवसभर दवाखान्यात खालच्या मजल्यावर बाकावर बसून होता, वर आला नाही. मला हे वॉचमनने सांगितलं. मी साधा निरोपसुद्धा पाठवला नाही.

परवा लेकीने नवा ॲम्प्लिफायर आणला. त्यात तसलंच मशीन, तसलाच माइक. मला वाटलं, आता घरात महाभारत. पण हे म्हणाले, "लाव. तुझं मशीन किती शहाणं आहे ते बघूच." माइक यांच्या खुर्चीत उभा राहिला आणि हे भिंतीला टेकून, हाताची घडी घालून उभे.

"कुणी बोलायचं नाही, हलायचं नाही," लेक म्हणाली.

आवाज खालून निघाला, भांडी किणकिणली. चढला, आणखी चढला.

"झालं?" हे म्हणाले. "एवढंच होय?"

आवाज चालूच होता. माझ्या कानात सुई टोचत होती.

"बाबा, मध्येच काय बोलता? आता पहिल्यापासून करावं लागेल."

"मध्येच?"

यांनी लेकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "परत लाव," म्हणाले. या वेळी त्यांनी स्पीकरकडे पाहिलंच नाही, आमच्या तोंडांकडे पाहत राहिले. त्यांच्यापुरता आवाज संपला तेव्हा त्यांनी एक बोट वर केलं. आमचे डोळे बारीक झालेले, कपाळाला आठ्या. माझ्या आठ्या जाईपर्यंत ते बोट तसंच वर होतं.

लेकीच्या फोनवर आमच्या खोलीची रेघ उमटली, कुठला आवाज किती चढलाय ते दाखवणारी. उजवीकडे, बारीक आवाजांपाशी, तिचा डोंगर झाला होता. हे पुष्कळ वेळ तो बघत बसले.

"बारक्याला माहीत होतं," ते म्हणाले. विचारलं नाही, नुसतं म्हणाले. मग मला म्हणाले, "त्याला फोन कर. मला जमायचं नाही."

संध्याकाळी बारक्या आला. केस पिकले होते. दारातच सगळं सांगून टाकलं त्याने, डॉक्टरांपासून. माझ्या पाया पडायला लागला तेव्हा मलाच लाज वाटली.

"सांगितलं का नाहीस?" यांनी विचारलं.

"काय सांगणार होतो दादा? दुसरं काय होतं तुझ्याकडे?"

यांनी लेकीला मशीन बंद करायला सांगितलं, बारक्याला आपल्या खुर्चीत बसवलं, गाणं लावलं आणि स्वतः इक्वलायझरसमोर उकिडवे बसले. गुडघे मोडल्यासारखे वाजले.

"मी सरकवतो. किती ते तू सांग."

"मला नुसत्या कानाने नाही येत रे. तू शिकवलंस कुठे?"

"शिकवलं असतं. तीन वर्षं होती. तेव्हा अर्धंमुर्धं तरी येत होतं मला."

यांनी उजवीकडचं शेवटचं बटण खाली घेतलं. "आता?" "अजून." त्याच्या शेजारचं. "आता?" "थोडं अजून." असं करत करत ते डोंगर उतरून आले. "थांब," बारक्या म्हणाला. "बस."

बाई गात होती. कान दुखत नव्हते, गिटारची तार सुटी सुटी कळत होती. इतकी वर्षं मी हेच गाणं ऐकत आले, पण त्या दिवशी ते मला नीट ऐकू आलं. यांना मात्र पुन्हा ती घोंगडीच ऐकू येत असणार.

"छान लागलंय?" यांनी विचारलं. हा प्रश्न त्यांनी आजवर कुणालाच विचारला नव्हता.

बारक्याने नुसती मान हलवली. हे त्याच्याकडे पाठ करून बसले होते, त्यांना ती दिसली नाही.

"बारक्या, छान लागलंय का?"

मग मीच हो म्हणाले.